न ऐकू आलेला मासा

सुरुवातीलाच एक कबुली. माझी शाळा पहिलीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट. त्यामुळे 'मराठी विभागासाठी लिही' असा निरोप आला तेव्हा आधी दोन दिवस मी संपादकांना टाळत होते. ऱ्हस्व-दीर्घाच्या बऱ्याचशा चुका त्यांनी सुधारल्या असतील, उरलेल्या माझ्या. विषय सांगितला तर रूममधल्या तिघी एकदम म्हणाल्या, "सॅल्मन? म्हणजे रावस ना गं?"

नाही! मी रत्नागिरीची आहे, रावसाचा अपमान माझ्याकडून होणार नाही. पण रावसाला हॉटेलच्या मेनूकार्डावर 'इंडियन सॅल्मन' म्हणत असले तरी दोघांचा काडीचा संबंध नाही. मी लिहितेय तो सॅल्मन कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा, ब्रिटिश कोलंबियातला. आणि त्यातही मोठा, ताटात येणारा नाही. बोटभर लांबीचं त्याचं पिल्लू.

आमची ओळख झाली ती टीईच्या सेमिनारमुळे. विषय होता पाण्याखालचं ध्वनिसंदेशवहन. रेडिओ लहरी खाऱ्या पाण्यात लगेच मरतात, म्हणून तिथे आवाज वापरावा लागतो, हे आम्हा ईअँडटीसीवाल्यांना पाठ असतं. उदाहरण म्हणून सगळे पाणबुडी देतात. मला पाणबुडी नको होती, कारण माझ्या आधीच्या चार जणांनी तीच घेतली होती. शोधता शोधता मासे सापडले. सेमिनार दहा मिनिटांत संपला, मार्कही बरे पडले, पण ती पिल्लं काही डोक्यातून गेली नाहीत. का, ते पुढे सांगते.

आधी गोष्ट 2009 सालची. फ्रेझर ही तिथली मोठी नदी. तिच्यात दर उन्हाळ्यात सॉकाय जातीचे सॅल्मन समुद्रातून परत येतात, वर चढतात, अंडी घालतात आणि मरतात. त्या वर्षी सरकारी अंदाज होता की एक कोटीच्या आसपास मासे परततील. परतले साधारण पंधरा लाख. मच्छीमारी बंद ठेवावी लागली, प्रचंड ओरड झाली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायमूर्ती ब्रूस कोहेन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. गंमत म्हणजे (गंमत कसली, सगळ्यांची आणखी पंचाईत) आयोगाचं काम चालू असतानाच 2010 साली त्याच नदीत जवळजवळ तीन कोटी मासे आले. 1913 नंतर एवढे कधी आले नव्हते!

2009 मध्ये जे यायला हवे होते ते मासे पिल्लं म्हणून 2007 च्या वसंतात समुद्रात उतरले होते. नदीच्या वरच्या अंगाला चिल्को नावाचं तळं आहे, तिथून बाहेर पडणारी पिल्लं मोजण्याची सोय आहे. 2007 साली तिथून विक्रमी संख्येने पिल्लं निघाली होती. म्हणजे घरून सगळी निघाली, आणि मधल्या दोन वर्षांत समुद्रात कुठेतरी नाहीशी झाली. कुठे? पहिल्या आठवड्यात का दुसऱ्या वर्षी? कोणी खाल्ली, का उपाशी मेली, का आजारी पडली? पाण्यात कोणी पाहायला नव्हतं. आयोगाचा अहवाल 2012 च्या ऑक्टोबरमध्ये आला. शिफारशी 75, पण 'हा घ्या गुन्हेगार' म्हणून एकाकडे बोट दाखवता आलं नाही.

आता ती वाट डोळ्यांसमोर आणा. पिल्लू तळ्यात एक वर्ष काढतं, काही दोन वर्षं. मग त्याच्या अंगात बदल होतात, खारं पाणी सोसेल असं शरीर तयार होतं, अंगावर चंदेरी चकाकी येते. या अवस्थेला स्मोल्ट म्हणतात. चिल्कोपासून समुद्र सहाशे किलोमीटरच्या वर आहे. नदीच्या मुखाशी पोचलं की समोर जॉर्जिया सामुद्रधुनी. मुख्य भूमी आणि व्हँकुव्हर बेट यांच्या मधलं पाणी. त्यातून उत्तरेकडे जायचं, डिस्कव्हरी बेटांच्या अरुंद खाड्यांतून वाट काढायची, जॉन्स्टन सामुद्रधुनी ओलांडायची आणि मग कुठे उघडा पॅसिफिक. ही किनाऱ्यालगतची वाट अजून तीन-चारशे किलोमीटरची. वाटेत सील, पक्षी, मोठे मासे, आणि अटलांटिक सॅल्मन पाळण्याचे जाळीचे पिंजरे.

या वाटेवर संशोधक दोन तऱ्हांनी काम करतात. एक म्हणजे जाळं. क्वाड्रा बेटावर हकाई इन्स्टिट्यूटचं केंद्र आहे, तिथली माणसं 2015 पासून दर वर्षी मे ते जुलै छोट्या बोटींतून पिल्लं पकडतात. जाळं पर्ससीन. आमच्याकडे बंदरावर पर्ससीनचं नाव काढलं तरी भांडण पेटतं, पण हे जाळं अगदी छोटं, हाताने ओढायचं. पाण्यावर बारीक बारीक थेंब पडल्यासारखी खळबळ दिसली की तिथे पिल्लं आहेत असं ओळखायचं, भोवती जाळं फिरवायचं, खालचं तोंड आवळायचं. बोटीत उपसून टाकायचं नाही. स्मोल्टचे खवले नुसत्या हाताच्या घासण्याने निघतात, म्हणून जाळं पाण्यातच ठेवून पिल्लं पाण्यासकट काढून घ्यायची. मग लांबी मोजा, वजन करा, समुद्री उवा मोजा. हो, माशांनाही उवा असतात, आणि त्या मोजायच्या म्हणजे एकेक पिल्लू घेऊन अंग तपासायचं. थंडी, पाऊस, हातात ओलं पिल्लू, आणि रकाना भरायचा: उवा शून्य. उवा शून्य. उवा दोन. उवा शून्य. आपल्यापैकी कोणी हे काम 'इंजिनिअरिंग' म्हणून मान्य करेल का? आपण म्हणू, हे बायोवाल्यांचं काम. माझं मत मुळीच तसं नाही, पण आधी दुसरी तऱ्हा.

दुसरी तऱ्हा म्हणजे टॅग. पिल्लाला गुंगी द्यायची, पोटाला काही मिलिमीटरचा छेद, आत एक छोटी नळी, एक-दोन टाके, शुद्धीवर आलं की सोडून द्यायचं. नळीत बॅटरी आणि ध्वनिप्रक्षेपक. ती ठरावीक अंतराने पिंग करते आणि प्रत्येक पिंगमध्ये त्या माशाचा नंबर. समुद्राच्या तळावर, सामुद्रधुनीच्या या काठापासून त्या काठापर्यंत, ऐकणाऱ्या यंत्रांची ओळ टाकलेली असते. मासा वरून गेला की यंत्र नंबर आणि वेळ टिपतं. अमेरिकेत कोलंबिया नदीवरच्या धरणांसाठी तर 0.22 ग्रॅमचा, पंधरा मिलिमीटर लांबीचा टॅग बनवला आहे, तो सुईने आत घालता येतो. बॅटरीसकट 0.22 ग्रॅम! आपल्या मिनी प्रोजेक्टमध्ये नुसता बॅटरीचा होल्डर त्याहून कितीतरी जड असतो.

आता खरी गंमत. समजा, शंभर पिल्लं सोडली आणि पहिल्या ओळीने चाळीस ऐकली. उरलेली साठ मेली?

पटकन 'हो' म्हणणाऱ्यांत मीही होते. पण समुद्र म्हणजे आपली लॅब नव्हे. वारा असतो, लाटा असतात, जहाजं जातात, आवाजात पिंग बुडून जातो. एकाच वेळी दोन टॅग बोलले तर दोन्ही पिंग एकमेकांत मिसळतात, आणि कधीकधी त्यातून तिसराच, अस्तित्वात नसलेला नंबर तयार होतो. म्हणजे न ऐकू आलेला मासा जिवंत असू शकतो आणि ऐकू आलेला मासा मुळात नसूही शकतो! शिवाय मासा सीलच्या पोटात गेला तरी टॅग आतून पिंग करतच राहतो. मग नंबर 37 सामुद्रधुनीत भरती-ओहोटीला न जुमानता मागे-पुढे येरझारा घालताना दिसतो, आणि शहाण्या माणसाने ओळखायचं असतं की हा आता 37 राहिला नाही.

यावर त्यांनी काढलेली युक्ती मला भयंकर आवडली. पुढे दुसरी ओळ टाकायची. समजा, दुसऱ्या ओळीने पंचवीस मासे ऐकले. त्यातले वीस पहिल्या ओळीने ऐकलेले आहेत, पाच नाहीत. पण ते पाचही पहिल्या ओळीवरूनच गेले असणार, दुसरा रस्ताच नाही. म्हणजे पहिली ओळ पंचवीसपैकी वीस ऐकते, ऐंशी टक्के. मग तिने चाळीस ऐकले याचा अर्थ तिथून साधारण पन्नास गेले. साठ मेले नाहीत, पन्नास मेले. (आकडे माझे, समजावण्यासाठी.) कॉरमॅक, जॉली आणि सेबर या तिघांनी 1964-65 मध्ये मांडलेलं गणित हेच, अर्थात याहून बरंच अवघड. यंत्र किती बहिरं आहे हे माशांकडूनच विचारून घ्यायचं!

आता शेवटच्या ओळीचं काय? तिच्या पलीकडे कोणी ऐकायला नाही. त्यामुळे तिथे न ऐकू आलेला मासा मेला का निसटला, हे त्या गणिताने वेगळं करताच येत नाही. दोन अज्ञात, समीकरण एक. एम-थ्रीच्या पेपरात आपण अशा वेळी काहीतरी 'धरून' पुढे जातो. हेही कधी धरतात, पण काय धरलं ते लिहून ठेवतात.

आणखी एक. टॅग जड असला तर पिल्लू नीट पोहत नाही, म्हणून मोठीच पिल्लं निवडावी लागतात. चिल्कोतली बहुसंख्य पिल्लं एक वर्षाची होऊन निघतात, पण सुरुवातीच्या अभ्यासांत टॅग बसवले ते मुख्यतः दोन वर्षांच्या, थोराड पिल्लांना, जी शेकडा अगदी थोडी असतात. मग निष्कर्ष कोणाबद्दलचा? हे त्यांनी स्वतःच लिहिलं, आणि लहान टॅग आल्यावर एक वर्षाच्या पिल्लांवर काम परत केलं.

सीलचा किस्सा तर सेमिनारमध्ये सगळ्यांना आवडला. हे टॅग बरेचदा 69 किलोहर्ट्झवर बोलतात. आपल्याला ऐकू येत नाही, पण सीलला येतं! स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात 2015 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा सीलना वीस पेट्यांत मासा शोधायला लावलं. एका पेटीत टॅग असलेला मासा, एकीत टॅग नसलेला, बाकी रिकाम्या. सील पिंगचा माग काढत टॅगवाल्या पेटीकडे जायला शिकले. म्हणजे ज्या पिल्लाचा जीव वाचतो का ते पाहायचं, त्याच्याच पोटात आपण जेवणाची घंटा बांधली! 180 किलोहर्ट्झचे टॅग सीलच्या कानाच्या पलीकडे जातात, पण एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला समुद्राचं पाणी जास्त शोषून घेतं, आवाज जवळच विरतो, आणि ऐकणारी यंत्रं दाट मांडावी लागतात. फुकट काहीच मिळत नाही.

(चिल्कोच्या पिल्लांबद्दल अजून एक, कारण हॉस्टेलच्या मंडळींना ते लगेच कळेल. नितळ पाण्याच्या पहिल्या टप्प्यात ती रात्री प्रवास करतात, कारण बुल ट्राऊट टपून बसलेले असतात. ज्या रात्री खूप पिल्लं एकदम निघतात, त्या रात्री एकेकाची वाचण्याची शक्यता वाढते. खाणारा खाऊन खाऊन किती खाणार? दहा चाळीसला गेटवर एकटी आलीस तर रजिस्टरमध्ये नाव. पंधरा जणी एकदम आल्या तर मॅडम नुसत्या बघतात.)

आता सांगते, हे सगळं माझ्या डोक्यातून का गेलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही चौघींनी मिनी प्रोजेक्ट म्हणून हॉस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवला होता. दर पंधरा मिनिटांनी एक रीडिंग, दिवसाला 96. आठवडाभर चालवला. काही रात्री मध्येच रीडिंग्ज गायब होती, एका रात्री तर सलग अकरा. सबमिशन दोन दिवसांवर. आम्ही काय केलं? आधीचं आणि नंतरचं रीडिंग घेतलं आणि मधे सरळ रेष ओढली. ग्राफ काय सुंदर दिसत होता! एक्स्टर्नलनी तोच पाहून मान डोलावली. आणि नंतर कार्यालयात जेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या मुलींनी पहाटे पाणी येत नसल्याची तक्रार केली, तेव्हा त्यांना आमचाच ग्राफ दाखवण्यात आला. 'रात्री टाकी अर्ध्याखाली जातच नाही. इंजिनिअरिंगच्याच मुलींनी मोजलंय.' दुसऱ्या टाकीचा विषय तिथेच संपला.

रीडिंग्ज का गायब होती ते सेमिनारची तयारी करताना एका रात्री अचानक लक्षात आलं. आमचा सेन्सर भिंतीवरच्या प्लगवर होता. लाइट गेली की सेन्सर बंद. आणि लाइट गेली की पंपही बंद. मग टाकी उतरणार, लाइट आल्यावर पंप ती परत भरणार, आणि सेन्सर जरा उशिराने जागा होणार. म्हणजे ज्या तासांत टाकी रिकामी होत होती, नेमक्या त्याच तासांत आम्ही बहिऱ्या होतो, आणि त्याच तासांवर आम्ही रेष ओढली! तिसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण अजून पहाटे चार वाजता उठून बादली भरून ठेवते. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. चार दिवस नाही बोलली.

आपल्याकडे जर्नलमध्ये रीडिंग 'बसवणं' याला कोणी चूक म्हणतच नाही. सीनियर शिकवतात, सर डोळेझाक करतात, एखादा बिंदू रेषेबाहेर गेला तर 'अरे, नीट घे' म्हणून आपलीच खरडपट्टी निघते. मी कोणाला नावं ठेवत नाहीये, मी स्वतः त्यात आहे. पण ओल्या हाताने 'उवा शून्य' लिहिणारी माणसं आणि आपण यांच्यात मला दिसणारा फरक हुशारीचा नाही. त्यांच्या चुकीची किंमत कोणीतरी मोजतं हे त्यांना समोर दिसतं. आपल्याला वाटतं, आपल्या चुकीची किंमत फार तर दोन मार्क.

तिकडे ती किंमत किती मोठी आहे ते बघा. कोहेन आयोगाने सांगितलं होतं की डिस्कव्हरी बेटांतल्या मत्स्यशेतीपासून जंगली सॉकायला असलेला धोका किमान आहे असं 30 सप्टेंबर 2020 पर्यंत दिसलं नाही, तर ती बंद करा. सरकारी शास्त्रज्ञांनी नऊ रोगजंतूंचा एकेक करून अभ्यास केला आणि नऊंच्या नऊंबद्दल धोका किमान असल्याचं सांगितलं. टीकाकारांनी विचारलं, समुद्री उवा त्या नऊत का नाहीत? 2020 च्या डिसेंबरमध्ये मंत्र्यांनी तिथली मत्स्यशेती गुंडाळायला सांगितली, 2023 च्या फेब्रुवारीत तिथल्या पंधरा ठिकाणांचे परवाने नाकारले गेले, आणि 2024 च्या जूनमध्ये सरकारने जाहीर केलं की 30 जून 2029 नंतर ब्रिटिश कोलंबियाच्या समुद्रात अशी उघड्या जाळीची सॅल्मनशेती चालणार नाही. त्यात माणसांच्या नोकऱ्या आहेत, गावं आहेत. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, ज्यांना फर्स्ट नेशन्स म्हणतात, काही पिंजऱ्यांच्या विरोधात आहेत आणि काहींची रोजीरोटी त्याच पिंजऱ्यांवर आहे.

टॅगांनी या भांडणात एक गोष्ट सांगितली: बहुतेक पिल्लं एकेका पिंजऱ्याजवळून काही मिनिटांतच पुढे जातात. मत्स्यशेतीवाल्यांना वाटेल, जिंकलो. पण रोग लागायला काही मिनिटं पुरतात का, हे पिंग सांगू शकत नाही. आजाराने मेलेलं पिल्लू तळाशी जातं, त्याचा टॅग बॅटरी संपेपर्यंत तिथे बोलत राहतो, आणि सगळ्यात जवळचं ऐकणारं यंत्र कित्येक किलोमीटर दूर असतं. म्हणून मला तरी वाटतं की पिंजरे हटवण्याचा निर्णय बरोबर आहे, पण 'विज्ञानाने सिद्ध केलं' असं म्हणून तो घेतला असं कोणी सांगू नये. जे ऐकू आलेलं नाही त्याचा धोका पत्करायचा नाही, असं ठरवून तो घेतलेला आहे. माझ्या पार्टनरला हे पटत नाही. ती म्हणते, मग कुठलाच कारखाना चालणार नाही. आमचा वाद मेसमधल्या काकांनी लाइट घालवेपर्यंत चालला होता.

टाकीचा सेन्सर या महिन्यात आम्ही पुन्हा बसवलाय, या वेळी बॅटरीवर. जुन्या ग्राफबद्दलचं पत्र कार्यालयात देऊन आलो, त्यावर अजून कोणी काही म्हणालेलं नाही. नव्या तक्त्यात पहिल्याच रात्री दोन ते साडेतीनच्या मधली रीडिंग्ज आली, त्यात टाकी तळाला होती. तरी चौथ्या रात्रीची तीन घरं रिकामीच आहेत, का ते कळलेलं नाही, बहुतेक सोल्डरिंग माझंच कच्चं असावं. रेक्टर मॅडमनी तक्ता पाहून विचारलं, "हे इथे काय लिहायचं राहिलं का गं?"

मी म्हटलं, "नाही मॅडम. ते तसंच आहे."